व्यापारी कायद्याचे मास्तर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत बहुधा एक ओळ असते. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉइज अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये मर्कंटाइल लॉ, म्हणजे व्यापारी कायदा, शिकवत असत. ओळ लिहून चरित्रकार पुढे जातो, त्याच्या मागोमाग वाचकही जातो. याच काळात महाडचे चवदार तळे येते, मनुस्मृतीचे दहन येते. त्यापुढे होतकरू हिशेबनिसांच्या वर्गाची काय कथा! हे पुस्तक मात्र त्या ओळीपाशी मुक्काम करते.

मुक्काम करण्याचे कारण आमच्या भागात आहे. मी चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा. कर आणि कंपनी कायदा शिकवणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. आमच्याकडची मुले बी.कॉम. होतात, काही एलएल.बी.ला जातात आणि करकायद्याचा पेपर समोर आला की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो : "सर, आमच्याकडे कोण रिटर्न भरते? शेतीच्या उत्पन्नाला तर करच नाही." प्रश्न खोटा नाही. आयकर कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले आहे आणि ही सूट १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. पण विचारणाऱ्याच्या घरी सोयाबीनवर मारायला आणलेल्या कीटकनाशकाचे बिल असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. दुकानदार हा कर भरतो, असे कागदावर दिसते. देतो कास्तकार. व्यापारी आपल्या खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. कास्तकाराची नोंदणीच नसल्यामुळे त्याला ती सोय नाही. म्हणजे ज्याला आपण करमुक्त म्हणतो, तोच कराच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा आहे, आणि त्याच्या पुढे ओझे ढकलायला कोणी नाही.

कर कोण भरतो आणि कोणावर पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एवढे एक वाक्य विद्यार्थ्याच्या मनात रुजले, तरी करकायद्याच्या मास्तराचे निम्मे काम झाले असे मी समजतो. या वाक्याचा माग काढत गेलो की वाट बाबासाहेबांच्या वर्गात जाते. म्हणून हे पुस्तक त्यांच्यावर आहे, पण महामानवावर नाही, व्याख्यात्यावर आहे.

आधी ते शिकवू का लागले, ते पाहू. १९२३ मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा त्यांच्याजवळ ग्रेज इनची बॅरिस्टरी होती, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. होती, त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. कोलंबिया विद्यापीठातला पीएच.डी.चा अभ्यास झालेला होता. एवढ्या पदव्यांचा दुसरा माणूस तेव्हाच्या मुंबई बारमध्ये शोधूनच काढावा लागला असता. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडची रीत अशी, की पक्षकार बॅरिस्टरकडे थेट येत नसे. तो सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर आपल्या मर्जीतल्या बॅरिस्टरला काम देई. अस्पृश्य जातीतल्या बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायला सॉलिसिटर तयार नसत. व्यापारी दाव्यांची, कंपन्यांच्या भांडणांची, म्हणजे पैशाची कामे याच साइडला चालत. ज्याला चलन, राजस्व आणि व्यापारी कायदा तिन्ही येत होते, त्याच्याकडे नेमकी तीच कामे फिरकत नव्हती. मग अपीलांची आणि जिल्हा न्यायालयांतली फुटकळ कामे करायची आणि महिन्याची ठरलेली कमाई म्हणून शिकवायचे, असा मार्ग त्यांनी धरला. अध्यापन ही त्यांची हौस होती यात शंका नाही; १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात ते राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होतेच. पण १९२५ सालची नोकरी हौसेची नव्हती. पेशातला दरवाजा बंद होता, म्हणून खिडकीतून आत जाणे होते.

बाटलीबॉइजमध्ये येणारी मुले हिशेबतपासनीस होऊ पाहणारी. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या हिशेबांना प्रमाणित लेखापरीक्षक लागत होते, त्यामुळे मुंबईत हा नवा पेशा आकार घेत होता. चार्टर्ड अकाउंटंट ही आजची कायदेशीर ओळख यायला १९४९ उजाडावे लागले. त्या वर्गात व्यापारी कायदा म्हणजे काय, तर १८७२ चा करार कायदा, १८८१ चा हुंडी-धनादेशांचा म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, कंपन्या, भागीदारी, मालाची विक्री, दिवाळखोरी. विक्री आणि भागीदारी यांचे स्वतंत्र कायदे तेव्हा नव्हते. ते करार कायद्याच्याच पोटात होते आणि अनुक्रमे १९३० व १९३२ मध्ये वेगळे निघाले. आयकराचा १९२२ चा कायदा नवाकोरा होता. त्याने एक मोठी गोष्ट केली : कराचा दर कायद्यातून काढून दरवर्षीच्या वित्त कायद्यात टाकला. आज फेब्रुवारीत अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण टीव्हीसमोर बसून दर बदलला का ते पाहतो, त्याचे मूळ तिथे आहे.

त्यांचा वर्ग कसा असेल, याची कल्पना महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडावरून करता येते. त्यात कायद्यांवरची टिपणे आहेत : मुदतीचा कायदा, विश्वस्तांचा कायदा, विशिष्ट साहाय्य, पुरावा, मालमत्तेचे हस्तांतरण. भाषणे गाजवणारा माणूस इथे ओळखू येत नाही. कलम, त्याचे घटक, अपवाद, पुन्हा कलम. परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडेल असे कोरडे, नेटके काम. मला त्या टिपणांविषयी विशेष प्रेम आहे, कारण मोठ्या माणसांची रोजची मजुरी आपल्याला सहसा पाहायला मिळत नाही.

करांचा विचार मात्र ते मुंबईत शिकले नव्हते; तो त्यांनी न्यूयॉर्कहून आणला होता. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबियात पोचले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत अमेरिकेने सोळावी घटनादुरुस्ती करून संघराज्याला आयकर बसवण्याचा अधिकार दिला होता आणि ऑक्टोबरमध्ये पहिला कायदा झाला. या आयकराची शास्त्रीय बाजू ज्यांनी वर्षानुवर्षे मांडली, ते एडविन सेलिग्मन कोलंबियात बाबासाहेबांचे प्राध्यापक होते. सेलिग्मनांचा गाजलेला विषयच करभार कसा सरकतो आणि शेवटी कोणावर थांबतो हा. त्यावर त्यांनी १८९२ मध्येच पुस्तक लिहिले होते. श्रीमंताने जास्त टक्क्याने कर द्यावा की नाही, जमिनीवरचा कर शेवटी मालक सोसतो की कूळ, मिठावरचा कर कोणाच्या ताटातून जातो, या प्रश्नांवर वाद चालू असताना आणि तो वाद कायद्यात उतरत असताना एक मराठी विद्यार्थी समोर बसलेला होता. शिकायला यापेक्षा चांगले वर्ष मिळाले नसते.

त्या अभ्यासाचे फळ म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक राजस्वाच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ. तो १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी छापला. म्हणजे बाटलीबॉइजची नोकरी, हा ग्रंथ आणि हिल्टन यंग चलन आयोगापुढची डिसेंबरमधली साक्ष, सगळे एकाच वर्षातले. ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मनांची आहे आणि ती लहान आहे. गुरूने शिष्याच्या पुस्तकाला लिहिताना जो तोल सांभाळायचा असतो, तो त्यांनी सांभाळला : निष्कर्षांशी सहमती जाहीर करण्यापेक्षा मांडणीतल्या तटस्थपणाचे मोल सांगितले. प्रस्तुत प्रस्तावना त्या मानाने फारच लांबते आहे, याची मला जाणीव आहे.

या ग्रंथाकडे आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाने पाहण्याचे एक खासगी कारण आहे. अमडापूरहून खामगाव लांब नाही. एकेकाळी वऱ्हाडच्या कापसाची खामगाव ही फार मोठी पेठ होती. ती पेठ मुख्य लोहमार्गाला जोडणारा जलंब-खामगाव फाटा १८७० मध्ये उघडला, आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्याच मेयोने त्याच वर्षाच्या १४ डिसेंबरला एक ठराव काढला. तोवर हिंदुस्थानचा सगळा पैसा कलकत्त्याच्या एका तिजोरीत जाई आणि प्रांतांनी हात पसरायचा. जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. काटकसर करणाऱ्याला काहीच मिळत नसे. मेयोच्या ठरावाने काही खाती आणि त्यांच्यासाठी ठरीव रक्कम प्रांतांच्या हवाली केली. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा मुख्य भाग इथून सुरू होतो. आधी ठरीव रकमा, मग १८७७ पासून काही महसूल प्रांतांना नेमून देणे, मग १८८२ पासून महसुलाची वाटणी, असे तीन टप्पे त्यांनी कागदपत्रांवरून उलगडले. कापूस मुंबईला लवकर पोचावा म्हणून रूळ टाकणारा आणि तिजोरीची किल्ली थोडी सैल करणारा माणूस एकच, आणि हेतूही फार वेगळे नव्हते. साम्राज्य स्वस्तात चालवायचे होते.

वऱ्हाडाची कथा याहून विचित्र. तो निजामाचा मुलूख. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे आला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या ठोक्याने कायमचा पट्ट्यावर घेतला गेला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाडचा महसूल वऱ्हाडातच खर्च व्हावा, ही तक्रार तेव्हापासूनची. आज विदर्भाच्या अनुशेषावर बोलणाऱ्या कोणीही हा ग्रंथ वाचावा. मनाजोगते उत्तर त्यात मिळणार नाही. प्रश्न नीट विचारायला मात्र शिकाल.

फेब्रुवारी १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदे मंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले आणि लगेच अर्थसंकल्पावर बोलले. बाटलीबॉइजमधली नोकरी तेव्हा चालूच होती. त्या भाषणातला जमीन महसुलाविषयीचा भाग मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो. आयकर त्या काळी २,००० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला लागत नसे आणि उत्पन्न वाढेल तसा दर वाढे. जमीन महसुलाला यातले काहीच नव्हते. एक एकरवाला असो की शेकडो एकरांचा जहागीरदार, आकारणी त्याच दराने. पीक बुडाले तरी द्यायचे. वकील, व्यापारी, कारखानदार यांच्या बाबतीत सरकार ऐपत पाहते आणि शेतकऱ्याच्या बाबतीत पाहत नाही, हा त्यांचा मुद्दा. महिनाभरात, २० मार्चला, ते चवदार तळ्यावर होते. या दोन प्रसंगांत फक्त दुसरा आपण साजरा करतो. माझ्या मते पहिल्याशिवाय दुसरा अर्धा राहतो : पाण्यावर हक्क सांगणाराच तिजोरीचा हिशेबही मागत होता.

इथे एक इशारा देतो. बाबासाहेबांच्या एका पुस्तकातून रिझर्व्ह बँक निघाली, अशा घोषणा आपल्याकडे सहज होतात. या पुस्तकात असले काही सापडणार नाही. त्यांनी चलनावर जे लिहिले ते त्यांच्याच नावावर पुरेसे मोठे आहे. बाकीच्यांचे श्रेय त्यांच्या खात्यावर जमा करणे म्हणजे खोट्या नोंदी लिहिणे. व्यापारी कायद्याच्या मास्तराला ते रुचले नसते.

जून १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि पुढे १९३५ ते १९३८ प्राचार्य. १९२८ च्या सुमाराला तिथे त्यांच्याबरोबर शिकवणारे एक तरुण बॅरिस्टर होते, महंमद करीम छागला. छागला नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, आणि कर व कंपनी कायदा जिथे एकमेकांना छेदतात तिथला एक सुंदर खटला त्यांच्यापुढे आला. बाचा गझदर या बाईंकडे चहा कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचा धरला जाई आणि त्यावर केंद्राचा आयकर नसे. बाईंचे म्हणणे साधे होते : कंपनीचे ६० टक्के उत्पन्न शेतीचे, तर मला मिळालेल्या लाभांशातलेही ६० टक्के शेतीचेच. छागला आणि तेंडोलकर या न्यायाधीशांनी ते मानले नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मानले नाही. कंपनी ही भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे. मळा कंपनीचा, शेअर बाईंचा. लाभांश शेअरमधून येतो, जमिनीतून नाही.

मुंबईच्या चहाच्या शेअरवरचा हा निकाल बुलढाणा जिल्ह्यात कशाला शिकवायचा, असे वाटेल. तर शेतकरी उत्पादक कंपनीसाठी. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात ही तरतूद आली. आता ती २०१३ च्या कायद्यात कलम ३७८अ पासून पुढे आहे. दहा उत्पादक एकत्र आले तरी कंपनी होते, एका सभासदाला एकच मत, किमान पाच संचालक. आमच्या भागात गावोगाव अशा कंपन्यांचे फलक दिसतात. सभासदाने कंपनीला सोयाबीन विकले, तर येणारा पैसा शेतीचा. त्याच सभासदाला त्याच कंपनीकडून भागभांडवलावर परतावा मिळाला, तर तो शेतीचा राहत नाही. हात तोच, देणारी कंपनी तीच, तरी एका पैशावर कर नाही आणि दुसऱ्यावर आहे. कंपनीच्या नफ्याला काही वर्षे शंभर टक्के वजावट होती, तीही २०२४-२५ या करनिर्धारण वर्षाबरोबर संपली. संचालक झालेल्या किती कास्तकारांना हे कोणी बसून समजावले आहे? फॉर्म भरून देणारे पुष्कळ मिळतात.

शेतीचे उत्पन्न म्हणजे काय, हाही प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. राजा बिनॉय कुमार सहस रॉय यांच्या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमिनीवर मूळ मशागत, नांगरणी-पेरणी-लावणी यांसारखी मेहनत झालेली हवी; आपोआप उगवलेल्या झाडांचे उत्पन्न शेतीचे नव्हे. मी वर्गात हा खटला सीताफळावर शिकवतो. डोंगरउतारावर कोणी न लावलेली सीताफळे तोडून विकली तर काय, आणि बांधावर रोपे लावून, आळी करून, पाणी घालून घेतली तर काय? तास संपतो, वाद संपत नाही. मुलांना तेव्हा प्रथम कळते, की हा कायदा शहरातल्या व्यापाऱ्यांचा नाही.

पुन्हा बाबासाहेबांकडे. घटना समितीत मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे हाताळले, त्यात करांची कलमे आली. कलम २६५ एका वाक्याचे आहे : कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. ग्रामपंचायतीने, बाजार समितीने, कोणीही पावती फाडली, तर कोणत्या कायद्याने फाडली हे विचारण्याचा हक्क त्या एका वाक्यातून मिळतो. दुसरे कलम २८६. तेव्हा प्रांतांचा मुख्य आधार विक्रीकर होता आणि प्रत्येक प्रांत दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या मालावरही तो लावू पाहत होता. एकाच गाठीवर दोन-तीन राज्यांनी कर घ्यायचा, तर देशभर व्यापार मोकळा राहील कसा? ऑक्टोबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी हे कलम समितीपुढे मांडले. प्रांतिक राजस्वाचा अभ्यासक एका बाजूला आणि व्यापारी कायद्याचा शिक्षक दुसऱ्या बाजूला, अशी ती तारेवरची कसरत आहे. प्रांतांची कमाई बुडू द्यायची नाही आणि बाजारही तुटू द्यायचा नाही.

कलम टिकले, पण वाद पेटले. मुंबई राज्याचा १९५२ चा विक्रीकर कायदा मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला; सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड मोटर्सच्या खटल्यात १९५३ मध्ये तो निकाल फिरवला; आणि दोनच वर्षांनी बेंगॉल इम्युनिटीच्या खटल्यात स्वतःचेच मत बदलले. शेवटी १९५६ मध्ये सहावी घटनादुरुस्ती आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. पुढची साठ वर्षे त्यावर गेली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा हाच प्रश्न एकशे एकाव्या दुरुस्तीने नव्याने सोडवावा लागला : माल जिथे वापरला जातो, कर त्या राज्याचा.

जीएसटीत कापसाची एक गोष्ट आहे. शेतकऱ्याला नोंदणी नको, हे कायद्याने मान्य केले. मग सरकीसह कापसावरचा ५ टक्के कर वसूल कोणाकडून करायचा? तर नोव्हेंबर २०१७ पासून घेणाऱ्याकडून, म्हणजे जिनिंगवाल्याकडून. याला रिव्हर्स चार्ज म्हणतात. कागदावर शेतकरी मोकळा. पण हर्रासाच्या वेळी भाव लावणारा तो कर मनात धरून भाव लावतो का, त्याचे पैसे त्यात किती दिवस अडकतात, आणि त्या अडकण्याची किंमत कोण मोजतो? सेलिग्मनांचा १८९२ चा प्रश्न खामगावच्या बाजारात असा उभा राहतो. याचे उत्तर मी देत नाही, कारण ते हंगामागणिक आणि मागणीप्रमाणे बदलते. विद्यार्थ्यांनी बाजार समितीत जाऊन शोधावे.

मुंबईतल्या करकायद्याच्या मास्तरांच्या परंपरेत बाबासाहेबांनंतरचे दुसरे मोठे नाव नानी पालखीवाला यांचे. तेही शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत. सर जमशेदजी कांगा यांच्याबरोबर त्यांनी आयकरावर लिहिलेला ग्रंथ १९५० मध्ये आला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या वकिलांच्या टेबलावर असतात. अर्थसंकल्पावरचे त्यांचे जाहीर व्याख्यान ग्रीन्स हॉटेलच्या दालनातून ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेले, इतकी गर्दी होई. १९७३-७४ मध्ये आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. अशा राजवटीत करदात्याची बाजू घेऊन उभा राहणारा माणूस हवाच होता. तरीही दोघांची ग्रंथसंपदा शेजारी ठेवली की फरक दिसतो. पालखीवाला ज्याच्याकडे नोटीस आली आहे त्याच्या बाजूने बोलतात. बाबासाहेब ज्याच्याकडे नोटीस कधी येणार नाही, पण ज्याच्या खिशातून कर जातो, त्याच्या बाजूने बोलतात. आपल्या अभ्यासक्रमांनी पहिली बाजू उचलली आणि दुसरी अर्थशास्त्रवाल्यांकडे ढकलली. कायद्याचे शिक्षण त्यामुळे लंगडे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राने एकदा ही दुसरी बाजू कायद्यात आणली होती. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. या राज्याचा व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, आणि तो झाला रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना. शहरातल्या नोकरदाराने द्यायचे आणि दुष्काळी गावातल्या बांधावर, पाझर तलावावर मजुरी निघायची. कराचा पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, हे इतक्या उघडपणे सांगणारा कायदा विरळा. घटनेच्या कलम २७६ ने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. प्राध्यापकांच्या खोलीत या २०० रुपयांविषयी कुरकुर ऐकू येते, तेव्हा मी रोजगार हमीचा विषय काढतो आणि चहा थंड होतो.

या विषयाचा शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. बार कौन्सिलचे १९७९ चे नियम तशी मुभा देतात. पूर्णवेळ प्राध्यापकाला मात्र वकिली करता येत नाही. म्हणून करकायद्यात दोन जातीचे मास्तर तयार होतात : एक सकाळचा तास घेऊन कोर्टाकडे पळणारा, त्याच्याकडे ताज्या गोष्टी असतात पण वेळ नसतो, दुसरा वेळ असलेला, पण नोटीस कशी दिसते हे विसरत चाललेला. बाबासाहेब पहिल्या जातीचे. शिवाय या विषयात पुस्तक फार लवकर शिळे होते. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा घेतो. ५३६ कलमे, आणि मागील वर्ष व करनिर्धारण वर्ष ही जोडगोळी जाऊन एकच कर वर्ष. जन्मभर पाठ केलेले कलमांचे आकडे एका रात्रीत बदलतात. ज्याने आकडे शिकवले त्याचे नुकसान होते, ज्याने प्रश्न शिकवले त्याचे फारसे होत नाही.

पुढच्या प्रकरणांत १९१५ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरील प्रबंधापासून १९४९ पर्यंतचे बाबासाहेबांचे करविषयक लेखन क्रमाने घेतले आहे, आणि प्रत्येक प्रकरणाला आजच्या कायद्यातला एक प्रश्न जोडला आहे. लहान शेतजमिनींवरचा त्यांचा १९१८ चा लेख त्यात मुद्दाम घातला. जमिनीचा तुकडा लहान असणे हे दुखणे नसून तिच्यावर लागणारे भांडवल अपुरे असणे हे दुखणे आहे, हा त्यातला विचार उत्पादक कंपनीच्या प्रत्येक संचालकाने वाचावा असा आहे. तक्ते आणि आकडे असलेली पाने वाचक गाळतात, असा अनुभव आहे. कृपा करून गाळू नका. बाबासाहेबांचे म्हणणे तिथेच आहे. आणि वाचायला बसताना घरातला एखादा कागद जवळ ठेवा : सातबारा, पगारपत्रक, कृषी केंद्राचे बिल, पतसंस्थेचे पासबुक, काहीही. त्यावर कोणता कर आहे, कोणत्या कायद्याने आहे आणि शेवटी कोणावर पडतो, एवढे शोधा. न सापडल्यास जवळच्या कायद्याच्या मास्तराला गाठा आणि त्याला उत्तर येईपर्यंत सोडू नका.